खोकल्याजवळ राहिलेला निरोप

मी एक जुना वायरलेस संच आहे आणि पट्टीचा थापाड्या आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मागाहून कुणी म्हणायला नको की म्हाताऱ्यानं फसवलं.

मी दिसायला काही फार देखणा नाही. शेवाळी रंगाची लोखंडी पेटी, तोंडावर दोन गोल खुंट्या आणि कुशीला गुंडाळ्या-गुंडाळ्यांच्या वायरीला लटकणारा माइक. बोलण्याआधी खरखरण्याची मला जन्मखोड, म्हणून सगळे मला खोकल्या म्हणत. आवाज मात्र असा, की एकदा समोरच्या कड्यावर आपटून तो आठवड्यानं परत आला, तेव्हा त्याला सर्दी झालेली होती. माझ्या खोकल्याला घाबरून एक डोंगर दोन पावलं मागे सरकला, असंही मी सांगत असे. ही दुसरी थाप लक्षात ठेवा. ती मला महागात पडली.

माझा जन्म एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर झाला. जाड चष्म्याच्या एका कारागीर बाईंनी माझ्या पोटात तारा जोडल्या. जोडताना त्या स्वतःशीच पुटपुटत, ‘लाल लालला, निळी निळीला.’ जोडून झालं की पुन्हा पहिल्यापासून बघत. प्रत्येक गोष्ट दोनदा बघायची सवय मला तिथेच लागली.

तिथून मी आलो तो एका संस्थेच्या कचेरीत. ही संस्था शाळेतल्या मुलामुलींना दहा-दहा दिवस रानात आणि डोंगरात नेई. तिथे मुलं नकाशा वाचायला, ओढा ओलांडायला, तंबूत राहायला शिकत. आता मुलं म्हटली की गुडघे फुटणार, आणि डोंगर म्हटला की गुडघ्यावर भागत नाही. कुणी पडलं, कुणाला काही चावलं, कुणाचं पोट धरलं, की हाक माझ्याकडे येई. मग कुणी जायचं, कुठल्या वाटेनं जायचं, कुठल्या रुग्णालयाला आधी कळवून ठेवायचं, हे सगळं आमच्या खोलीत ठरे. खोली एकच. एक टेबल, भिंतभर नकाशा, खिळ्याला जीपची किल्ली, दारामागे घडी घातलेलं स्ट्रेचर, मी आणि मावशी.

मावशी म्हणजे हे सगळं जुळवून आणणारी बाई. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, चष्मा कपाळावर. डोंगरातल्या मुलांनी तिला कधी पाहिलेलं नसे, फक्त ऐकलेलं असे. म्हणून ती आवाजमावशी. तुकडी बाहेर असेतो तिला खुर्ची सोडता येत नसे. तिचा डबा दुपारी उघडायचा आणि अर्धवट खाऊन मिटायचा. आम्ही दोघांनी सगळं आयुष्य डोंगरात काढलं आणि डोंगरावर पाऊल म्हणून ठेवलं नाही.

आमच्या कामाची एक रीत होती. निरोप नुसता ऐकून चालत नसे. ऐकणाऱ्यानं तो शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायचा, आणि सांगणाऱ्यानं ‘बरोबर’ म्हटलं की मगच तो पोचला. तोवर निरोप वाटेतच आहे असं समजायचं.

पण मित्रांनो, एक गोष्ट आम्हाला कधीच पोचत नसे. जखमी माणूस रुग्णालयात गेला की मावशी वहीत लिही, ‘रुग्ण सुखरूप सोपवला’, आणि ते पान संपे. पुढे काय झालं? कुणी कळवत नसे. लोक जीपवाल्याचे हात हातात घेत, स्ट्रेचर उचलणाऱ्यांना मिठ्या मारत. आवाजाला मिठी कशी मारणार? मग पुढच्या गोष्टी मीच रचू लागलो. पोट दुखलेल्या मुलाला मी जहाजाचा कप्तान केलं. हात भाजलेल्या स्वयंपाक्याला खानावळ काढून दिली. एका शिक्षकाला साप चावला होता, तर त्या सापालाच मी माफी मागायला रुग्णालयात पाठवलं. थापाड्या मी हौसेनं झालो नाही. मला गोष्टींचे शेवट मिळाले नाहीत, एवढंच.

एका साली सरकारनं नवे नकाशे छापले. त्यांवरच्या आडव्या-उभ्या रेघा जुन्या नकाशांपेक्षा चांगल्या मैलभर सरकलेल्या होत्या. म्हणजे त्या रेघांवरून काढलेला जागेचा तोच आकडा जुन्या नकाशावर एका खोऱ्यात, तर नव्यावर शेजारच्या. तेव्हापासून मावशी निघणाऱ्या प्रत्येक तुकडीला विचारी, “नकाशाच्या कोपऱ्यातलं साल वाचा.” आणि मी आपला ऐटीत, ‘बघा, मी खोकलो आणि डोंगर सरकला!’

त्या वर्षी शेवटची तुकडी गुरुजींची होती. गुरुजी म्हणजे संस्थेतले सगळ्यांत जुने शिक्षक. संस्थेतल्या निम्म्या लोकांना दोर बांधायला त्यांनीच शिकवलेलं. काखेत कापडावर चिकटवलेला नकाशा घेऊन ते दारात उभे राहिले. मावशीनं तोंड उघडलं.

“काय बाई,” गुरुजी म्हणाले, “आता मलाही नकाशा वाचायला शिकवणार की काय?”

सगळे हसले. मावशीही हसली, आणि प्रश्न गिळला. तीस वर्षांत गिळलेला तो एकच प्रश्न.

चौथ्या दिवशी सकाळी साडेदहाला मी खोकलो.

“बाई, गुरुजी बोलतोय. मुलगी, वय तेरा. ओढ्यातल्या दगडावरून घसरली. मांडीचं हाड मोडलंय. रक्त बाहेर नाही, पण मांडी फुगतेय.”

“बोटं हलवते का? पाऊल गरम आहे?”

“हलवते. गरम आहे.”

गुरुजींनी जागेचा सहा आकडी क्रमांक सांगितला. मावशीनं तो परत म्हटला. गुरुजी म्हणाले, “बरोबर.” मावशीनं नकाशावर टाचणी टोचली, जीप सुटली, नर्सबाई आणि चौघं जण निघाले. सगळं रीतसर झालं. मित्रांनो, रीतसर झालेली चूक सापडायला फार वेळ लागतो.

गुरुजींनी पायाला फळ्या बांधल्या आणि इतर मुलांना सावरायला गेले. माइक मुलीच्या हातात दिला. दर अर्ध्या तासानं बोलायचं, बॅटरी जपायची, असं ठरलं. पण तुकडीनं त्या पोरीचं नाव टकळी ठेवलं होतं ते उगाच नव्हे.

“आवाजमावशी, तुम्ही जेवलात?”

“नाही गं. तू बॅटरी जप.”

“डब्यात काय आहे तेवढं सांगा. मग जपते. इथे सगळे मला घाबरून बघतायत हो, जसा काही पाय त्यांचाच मोडलाय.”

मावशी हसली. तिनं डबा उघडून काय आहे ते सांगितलं. पोरीनं त्याला नावं ठेवली. मावशीनंही तिला, “घरी जाऊन आईच्या हातचं खा, मग बोल,” म्हणून सुनावलं. त्या खोलीत इतकं हसू मी आधी ऐकलं नव्हतं.

दुपारी पोरीचं बोलणं विरळ झालं. श्वास घ्यायला न थांबणारी मुलगी दोन शब्दांवर थांबू लागली. मध्येच गुरुजींचा आवाज आला, “बाई, पाऊल गार पडतंय. माणसं कुठवर आलीत?” मावशीनं वाटेवरच्या नर्सबाईंना कळवलं. नर्सबाई म्हणाल्या, “लवकर पोचलो नाही, तर पाय राहील की जाईल, सांगता येत नाही.”

दोन वाजता टकळी म्हणाली, “मावशी, थंडी वाजतेय. ऊनही गेलं.”

“ढग आलेत?”

“नाही... आभाळ निळं आहे. सूर्य समोरच्या डोंगराच्या धारेमागे गेला.”

मावशीची पेन्सिल थांबली. तिनं भिंतीकडे पाहिलं. टाचणी टोचलेल्या खोऱ्याच्या पूर्वेला उंच धार होती, पश्चिमेला उघडं रान. तिथे ऊन संध्याकाळपर्यंत राहतं. दुपारी दोनला सूर्य धारेमागे जायचा, तर धार पश्चिमेला हवी. म्हणजे पोरगी धारेच्या पलीकडच्या खोऱ्यात होती.

“गुरुजींना दे,” मावशी म्हणाली. तिचा आवाज मी तेवढा बारीक कधी ऐकला नव्हता. “गुरुजी, नकाशाच्या कोपऱ्यातलं साल वाचा.”

तिकडे कापडी नकाशा उलगडल्याचा आवाज आला. मग गुरुजींनी साल वाचलं. जुनं.

“बाई,” ते म्हणाले, “माझी चूक.”

“आपली,” मावशी म्हणाली, आणि लगेच नर्सबाईंना हाक दिली.

माणसं चुकीच्या खोऱ्यात दीड तास चढली होती. उतरून, धारेला वळसा घालून जाईपर्यंत साडेपाच वाजणार होते. डोंगर सरकला ही थाप मी त्या दिवसापासून सोडली.

पाचच्या सुमाराला टकळी शेवटचं बोलली. “मावशी, मी घरी पोचले ना, की सांगीन तुम्हाला. ऐकत राहाल?”

“ऐकत राहीन,” मावशी म्हणाली. “तू घरी पोचलीस की मला सांगणार आहेस. बरोबर?”

‘बरोबर’ आलं नाही. तिकडची बॅटरी संपली होती.

साडेपाचला माणसं पोचली. मुलीला रुग्णालयात नेलं. मावशीनं वहीत लिहिलं, ‘रुग्ण सोपवला’. सुखरूप हा शब्द तिनं लिहिला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं रुग्णालयात फोन केला. पलीकडून विचारलं, “आपण कोण? नातेवाईक?” मावशी अडखळली. “मी... तिच्याशी बोलत होते,” ती म्हणाली. फोन ठेवला गेला. मुलीच्या वडिलांचं रागाचं पत्र आलं; पोरगी कशी आहे, ते त्यात नव्हतं. संचालकांनी बजावलं, “त्या घराशी कुणीही संपर्क करायचा नाही.” मावशीनं आपण साल विचारलं नव्हतं हे लेखी देऊन टाकलं. गुरुजी एका दुपारी आले, तो कापडी नकाशा टेबलावर ठेवला आणि गेले. पुन्हा डोंगरावर गेले नाहीत.

पुढे मावशी येईल त्याला साल विचारू लागली. एकदा संचालकांनाही विचारलं. ते पाहुण्यांना घेऊन नुसते टेकडीवर निघाले होते.

आणि रोज संध्याकाळी सहाला, सगळ्या तुकड्यांची हजेरी घेऊन झाली, की ती मला दहा मिनिटं जास्त चालू ठेवी. बोलत काही नसे. मुलीच्या घरी वायरलेस कुठून असणार, हे तिलाही कळत होतं. पण ऐकत राहीन म्हणाली होती ना. नऊ वर्षं ऐकत राहिली. मी कितीदा त्या पोरीचा शेवट रचायला घेतला. तिला नाचवलं, पळवलं, शर्यती जिंकवल्या. पण मावशीच्या तोंडाकडे बघितलं की ती थाप माझ्या घशातच अडके.

मग मावशी निवृत्त झाली. चहा झाला, भाषणं झाली. भाषणांत जीप आली, स्ट्रेचर आलं. तिला एक घड्याळ मिळालं. जाताना तिनं आपल्या पदरानं माझं तोंड पुसलं आणि माइक नीट खुंटीला अडकवला. नंतर उपग्रहावरून बोलणारे फोन आले, जागा आपोआप कळू लागली. माझी बॅटरी काढून मला कपाटावर चढवलं. वायर कडक झाली. माझ्या पाठीमागे एका पालीनं संसार थाटला. तिला मी खूप थापा मारल्या, पण ती काही परत म्हणून दाखवत नसे.

बॅटरी काढली की बोलणं थांबतं, ऐकणं थांबत नाही. यावर विश्वास ठेवा की न ठेवा.

गेल्या महिन्यात, दुपारच्या वेळी, एक तरुण बाई कचेरीत आली. तिनं नव्या साहेबांना विचारलं, “इथे एक आवाजमावशी होत्या ना?”

“त्या निवृत्त झाल्या. कुठल्याशा भाचीकडे राहायला गेल्या.”

“पत्ता?”

साहेबांनी खण उघडले, वह्या चाळल्या, जुन्या नंबरावर फोन लावला. तो बंद होता. ज्या बाईनं तीस वर्षं सगळ्यांचा ठावठिकाणा आकड्यासकट लिहून ठेवला, तिचा ठावठिकाणा कुणी लिहून ठेवला नव्हता.

“मी फार उशीर केला हो,” ती म्हणाली. “आधी घरचे रागावलेले होते. मग तीन शस्त्रक्रिया. मग मलाच वाटलं, आता त्यांना कशाला आठवत असेल.”

तेवढ्यात तिची नजर वर गेली. “हा तोच का? खोकल्या?”

“हो, पण तो बंद आहे.”

“असू दे.”

साहेबांनी मला खाली काढलं. पाल पळाली. तिनं माझ्यावरची धूळ ओढणीनं पुसली, माइक हातात घेतला आणि बटण दाबलं.

“आवाजमावशी, टकळी बोलतेय. मी घरी पोचले. पाय राहिला. चालते मी.”

तिनं बटण सोडलं आणि थोडा वेळ वाट बघितली. मी सगळा जीव एकवटला, मित्रांनो. साधं खोकतासुद्धा आलं नाही.

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्यानं हाही शेवट रचला. मी रचला असता, तर तिला धावत आणलं असतं. ती लंगडत आली. एकेक पायरी थांबून चढली, आणि तशीच उतरून गेली.

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंवरची धूळ कधी पुसलीत तर बरंच आहे, पण माझं मागणं निराळं आहे. कुणी तुमच्यासाठी जागं राहिलं असेल, तर घरी पोचल्याचं त्याला कळवा. उशीर झाला असला तरी कळवा. आणि अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, संध्याकाळी सहाला गप्प बसून कान देणारी एखादी म्हातारी कुठे दिसली, तर तिला एवढंच सांगा: टकळी घरी पोचली, पाय राहिला, ती चालते.

आता हा निरोप एकदा परत म्हणून दाखवा. मी ऐकतोय.