चुकलं की दोनदा टकटक

शब्दकोशाच्या कचेरीत मी आणि माझी थोरली बहीण समोरासमोर बसून मुद्रितं तपासायचो. मी मोठ्याने वाचायची, अगदी स्वल्पविरामासकट. ताई ऐकायची. बरोबर असलं तर गप्प. चुकलं की पेन्सिल टेबलावर टक, टक. "छान" हा शब्द तिच्या तोंडून कधी ऐकला नाही. कोशात मात्र होता.

मग ताई गेली. मी हट्टाने रिकाम्या खुर्चीला वाचून दाखवत राहिले. लोक म्हणाले, हिचं डोकं फिरलं. एका दुपारी माझ्याकडून एक ओळ गळली आणि समोरून आवाज आला. टक, टक. पेन्सिल होती तिथेच होती. अंगावर काटा आला, पण खोटं कशाला बोलू, जीवात जीवही आला.

आता मालक म्हणाले, "टेबल उद्या भंगारात. यापुढे सगळं कॉम्प्युटरवर." टेबल गेलं तर ताई बसणार कुठे?

शेवटच्या दिवशी नेमका 'हॉन्ट' हा इंग्रजी शब्द समोर आला. मी वाचलं, "मूळ अर्थ, भुताने पछाडणे."

टक, टक.

"आता काय झालं, बाई?" म्हणत मी व्युत्पत्तीचा जाडजूड ग्रंथ काढला. खरंच चुकलं होतं. भुतं त्या शब्दात फार उशिरा शिरली. आधी नुसतं एखाद्या ठिकाणी वरचेवर जाणं. आणि त्याच्याही मागे, उत्तरेकडच्या एका जुन्या भाषेत, बहुधा घरी आणणं.

दुरुस्त करून वाचलं. समोर शांतता.

"मग चल की घरी," मी म्हणाले आणि पेन्सिल पर्समध्ये टाकली. दारात जरा थांबले. ताईला चपला घालायला नेहमीच वेळ लागायचा.

घरी जेवणाच्या टेबलावर पेन्सिल ठेवून पेपर वाचायला बसले. अख्खं पान संपलं. काही नाही. मला रडू आवरेना. नाहीच आली.

मग लक्षात आलं, मी एकही चूक केली नव्हती.

डोळे पुसून मुद्दाम वाचलं, "उद्या पाणीपुरवठा सुरू राहील." छापलं होतं, बंद राहील.

टक, टक.

"कोण आलंय गं?" आतून नवऱ्याने विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणाले.

टक, टक.