माझ्या नदीची बर्फ

उन्हं कलली होती. उसाच्या तुऱ्यांवर पिवळा उजेड, पंचगंगेकाठच्या वळिवड्याच्या कौलांवर पिवळा उजेड, आणि महायुद्धात पोलंडमधून आलेल्या निर्वासितांसाठी बांधलेल्या त्या लांबलचक बराकीत, खाटेवरच्या मिर्लाच्या कपाळावरही तोच पिवळा, तापलेला उजेड. ज्याचं माणूस खाटेवर आहे, त्याला उजेडसुद्धा वैरी वाटतो.

मिर्ला कवयित्री होती. पोलंडमधल्या यहुदी घरातली. सैबेरियाच्या वाटेवर शिपायांच्या तपासणीत तिच्या कवितांचे कागद चुलीत गेले, तेव्हापासून तिनं लिहिणं सोडलं. ती यिद्दिशमध्ये, आपल्या घरच्या भाषेत, ओळ म्हणायची, आणि तिचा नवरा लाझार, साधा शिंपी, टाके घालता घालता ती पाठ करायचा. साऱ्या कविता आता त्याच्या एकट्याच्या डोक्यात होत्या.

एकच अपुरी होती. तिच्या गावची नदी. गोठलेली नदी, वाट पाहणारी नदी. शेवटची ओळ तेवढी उरली होती, आणि ताप उतरत नव्हता.

"मिर्ला, नदी गोठली. पुढं? पुढं काय?"

ओठ हलत. आवाज येत नसे. उजेड कपाळावरून गळ्याशी आला, गळ्यावरून हाताशी.

"लाझारभाऊ, आधी पाणी पाजा! कविता कुठं पळून चालली?"

दारात मलकाबाई होती. इथली परिचारिका, अलिबागकडच्या मराठी यहुद्यांतली. हातभर हिरव्या बांगड्या, आणि बराकीत राहून शिकलेली मोडकीतोडकी पोलिश. दुपारी ओसरीवर ती बायकांना उखाणे शिकवायची, आणि मिर्लाला हटकून छेडायची, "नाव घे की गं! एवढी कवयित्री तू!" मिर्ला लाजून मान हलवायची.

शुक्रवार होता. सूर्य उसाला टेकला. शब्बाथचा, विसाव्याच्या वाराचा, दिवा लावायला मलकाबाईनं काडी ओढली, आणि मिर्लानं डोळे उघडले. लाझार वाकला. श्वास धरून वाकला.

"माझ्या नदीची बर्फ वितळली पंचगंगेच्या पाण्यात,
लाझाररावांचं नाव ठेवलं मी गाण्यात."

ओळी मराठीत होत्या; त्याला आपलं नाव तेवढं कळलं. "तापात बरळतेय," तो कळवळला. "मिर्ला, ओळ सांग! ओळ!"

मलकाबाईच्या हातातली काडी विझली.

"अहो, नाव घेतलं तिनं तुमचं!" रडता रडता ती हसली. "बर्फ वितळला म्हणायचं गं बाई. वितळली नव्हे."

मग तिनं एकेक शब्द त्याला उलगडून सांगितला. नदी. बर्फ. पाणी. गाणं. कविता पुरी झाली होती. लाझारनं वर पाहिलं, तेव्हा मिर्ला ऐकत नव्हती.

लाझार पुढं दूर देशी गेला. तिथं म्हातारा झाला, आणि यिद्दिश ओळी, ऐकायला कुणी नव्हतं म्हणून, त्याच्याबरोबर मातीत गेल्या.

पण मिर्लाचा तो उखाणा मलकाबाईनं गावच्या बायकांना जसाच्या तसा शिकवला. इथं, पंचगंगेच्या काठी, नव्या नवऱ्या हळदीच्या अंगानं उंबऱ्याशी थांबतात. नणंदा दार अडवतात, "नाव घे, मगच आत!" लाझाररावांच्या जागी कधी संपतराव येतात, कधी दिनकरराव. बाकी सारं तेच. चूकही तीच. जिनं कधी बर्फ पाहिला नाही ती मान खाली घालते, माप ओलांडते, आणि तिच्या ओठांवर, उसाच्या वाऱ्यात, हलकेच वितळते माझ्या नदीची बर्फ.