लाल दिव्याचा केक

आमच्या ऑफिसात खरा नियम एकच, आणि तोही कुठे लिहिलेला नाही: ज्याच्यामुळे दिवा लाल होईल, त्याने शुक्रवारी केक आणायचा.

टास्मानियात, होबार्टच्या धक्क्यावर बसून आम्ही समुद्रातली कालवं, म्हणजे ऑयस्टर, पिकवणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. पाणी किती खारट, भरती कधी, कालवं कधी काढायची, असलं सगळं. प्रत्येकाने लिहिलेलं काम एका मशीनवर जातं. मशीन ते जोडतं, तपासतं, आणि सगळं जमलं तर दारावरचा दिवा हिरवा, नाहीतर लाल. याला म्हणतात बिल्ड. मशीन असतं डॅरलच्या टेबलाखाली, आणि त्याचं नाव आहे म्हातारा. डॅरल आमच्यातला सर्वांत जुना. म्हाताऱ्यात त्याने वर्षानुवर्षं काय काय बसवून ठेवलंय, हे एक तो जाणे.

मी त्याच्या मागे कधीची लागले होते. "डॅरल, कंटेनर वापरू या की. प्रत्येक बिल्डला नवी कोरी खोली. लागतील ती अवजारं आत ठेवायची, काम झालं की खोलीच मोडून टाकायची. काय लागतं ते एका लहानशा फाइलीत लिहिलं की झालं."

"वेरिटी, चालत्या मशीनला हात लावायचा नसतो," असं म्हणून तो कॉफी आणायला उठायचा. माझ्या डोक्यात तिडीक जायची, पण म्हातारा त्याचा, टेबल त्याचं.

मग कॉरीन आली. जवळच्या ह्यूऑनव्हिल गावात तिची बेकरी होती. गुडघ्यांनी दगा दिला तशी बेकरी विकून टाकली आणि पन्नाशीत प्रोग्रामिंग शिकली. तिला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. पहिल्याच आठवड्यात तिचा दिवा लाल झाला आणि शुक्रवारी तिने लॅमिंग्टन आणले. चॉकलेटात बुडवलेले, खोबऱ्यात घोळलेले, आतून ढगासारखे. पुढच्या आठवड्यात पुन्हा लाल, आणि शिंपल्यांचं सारण भरलेले खारे स्कॅलप-पाय. मग पुन्हा लाल, आणि पॅशनफ्रूटच्या वड्या.

असे पाच-सहा महिने गेले. शुक्रवारी घरून न्याहारी करून येणं आम्ही सोडूनच दिलं. कॉरीनचा दिवा लाल होतोय का, याकडे सगळे डोळे लावून बसायचे. का होतोय हे विचारायला मात्र कोणाला सवड नव्हती, आणि त्या कोणांत मीही होते.

एका मंगळवारी ती स्वयंपाकघरात एकटीच कप विसळत उभी होती. कप केव्हाच स्वच्छ झाला होता.

"काय गं?" मी विचारलं.

"शुक्रवारी माझी मुदत संपते. ब्राइडी म्हणाली, आणखी एक लाल झाला तर मालकांपुढे ती माझी बाजू कशी मांडणार?" ब्राइडी आमची साहेबीण, मनाने चांगली. "वेरिटी, माझ्या लॅपटॉपवर सगळं चालतं गं."

तेवढ्यात मागून डॅरल आला. "'माझ्याकडे चालतं' असं सगळेच म्हणतात, बाई. या शुक्रवारी काय आहे? चीजकेक?"

तो गंमतच करत होता. पण कॉरीनने कप खाली ठेवला आणि हळूच म्हणाली, "मला बहुतेक तेवढंच येतं." ती बाहेर गेली, आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की बस. आम्ही एका बाईची नोकरी चाटूनपुसून खात होतो.

दुपारभर मी जुन्या बिल्डच्या नोंदी चाळत बसले. जे दिसलं ते पाहून कपाळावर हात मारला. कॉरीनचा दिवा लाल व्हायचा तो फक्त डॅरलच्या बिल्डनंतर. डॅरलच्या कामाला एक अवजार लागायचं, जुन्या काळातलं. ते काम झाल्यावर म्हाताऱ्यात तसंच पडून राहायचं. कॉरीनच्या कामाला तेच अवजार नवं हवं, आणि हाताला लागायचं जुनं. लसणाचा पाव भाजून झाल्यावर ट्रे न धुता त्याच ट्रेमध्ये केक लावावा, तसला प्रकार.

मी तडक ब्राइडीकडे गेले. "शुक्रवारपर्यंत सगळ्यांची बिल्डं कंटेनरमध्ये. डॅरलला विचारायचं नाही, सांगायचं."

"तो रुसेल."

"रुसू दे."

कॉरीन आणि मी दोघी बसलो. फाइल एवढीशी झाली. म्हाताऱ्यातलं निम्मं सामान कोणाला लागतच नव्हतं. शुक्रवारी सकाळी सगळे दिव्याखाली जमले. कॉरीन मात्र खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

तिचं बिल्ड मशीनवर गेलं. हिरवा.

"बघ तरी!" मी ओरडले. तिने वळून पाहिलं आणि दोन्ही हात तोंडावर घेतले.

मग डॅरलचं बिल्ड गेलं. लाल.

"शक्यच नाही!" डॅरल उठून उभा राहिला. "म्हाताऱ्यावर तर रोज चालतं!"

ब्राइडीपासून सगळे जे हसत सुटले ते थांबेनात. कधीतरी त्याने स्वतःच्या हाताने म्हाताऱ्यात काहीतरी बसवलं होतं आणि तो ते साफ विसरला होता. त्याचं काम इतकी वर्षं त्यावरच तगून होतं. कोऱ्या खोलीत ते मिळणार कुठून?

डॅरल लालबुंद झाला, पण आहे सच्चा माणूस. दुपारी दुकानातला स्पंज केक घेऊन आला, एका बाजूने चेपलेला. पहिला तुकडा कॉरीनपुढे धरून म्हणाला, "चुकलो गं. आधी स्वतःचंच बघायला हवं होतं." तिने तो कोरडा तुकडा अख्खा खाल्ला. ब्राइडीने तिथेच सांगितलं, की कॉरीन कायम.

पुढचा आठवडाभर दिवा हिरवाच. शुक्रवार उजाडला, सगळ्यांचे चेहरे उतरलेले, आणि टेबलावर बघतो तर कॉरीनचा केकचा निळा डबा! आत लॅमिंग्टन. आम्ही एकमेकांची तोंडं बघायला लागलो.

"कोणाचा लाल झाला?" डॅरलने घाबरत विचारलं.

"कोणाचाच नाही," कॉरीन म्हणाली. "आज मला करावेसे वाटले."