ओल्या फडक्याची माया

कडूबाई सकाळी म्हशीची धार काढत असली आणि बोलावणं आलं, की चरवी बाजूला ठेवून निघायची. काष्टी गावाच्या आसपास कुणाचा नवरा गेला, की त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडायला तिलाच नेत. स्वतः विधवा, त्यात हात सफाईचा. मनगटावर ओलं फडकं टाकून दगड असा मारायची, की काच फुटे. पण खरचटत नसे. "लई मायाळू बाई," लोक म्हणत. ओल्या फडक्याला आमच्याकडे माया म्हणतात.

तिचं म्हणणं एकच. "फोडताना तोंडाकडं बघायचं न्हाई. मनात काय आलं, की हात चुकतो." असं मन मारून मारून तिनं बरंच पुण्य जमवलं होतं.

मग तिचा मुलगा कल्याण गेला. बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळली. कडूबाई रडली नाही. सून रोहिणीही नाही. म्हशींना सुतक नसतं, म्हणून दोघी धारा काढत राहिल्या.

दहाव्याला नदीकाठी मांडव पडला. माइकवर पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या चालू होत्या. चिठ्ठीत कल्याणचं नाव बघून घेत ते गहिवरत होते. पलीकडे बायकांच्या घोळक्यात शेजारच्या बायडाबाईनं दगड आणून ठेवला.

"सासूच फोडनारी, म्हंजी घरच्या घरी झालं. आवर कडूबाई, ऊन व्हतंय."

रोहिणीनं आपणच हात पुढं केला. कडूबाईनं फडकं भिजवलं, पिळलं, त्यावर टाकलं.

"आत्याबाई," रोहिणी सपाट आवाजात म्हणाली, "तुमच्या फोडल्या तवा दुखलं हुतं का?"

"न्हाई. फडकं हुतं ना."

"मग मलाबी दुखायचं न्हाई."

कडूबाईनं तोंडाकडं पाहिलं. त्या तोंडावर काहीच नव्हतं. झाडून घेतलेल्या ओट्यासारखं होतं ते. तिनं उचललेला दगड खाली ठेवला.

"खोटं बोलले म्या. दुखलं हुतं. आजून दुखतंय."

"अगं, लोक काय म्हनतील?" बायडाबाईनं दगड घेतला. "सरक तिकडं. मी फोडते."

कडूबाईनं आपलं उघडं मनगट सुनेच्या बांगड्यांवर आडवं ठेवलं. "फोड. आदी ह्ये हाड फोड, मग खालची काच."

बायडाबाईच्या बांगड्या कडूबाईनंच फोडल्या होत्या. ती त्या मनगटाकडं बघत राहिली. मग दगड हळूच टेकवत पुटपुटली, "मला कुठं तुझ्यासारखं जमतंय."

माइकवर कुणीतरी तेव्हाच माताभगिनींच्या दुःखात सहभागी झाला.

दुसऱ्या दिवशी रोहिणी धारेला बसली. चरवीच्या काठाला बांगड्या किणकिणल्या आणि चुलीपुढं बसलेली कडूबाई मोठ्यानं रडली. कल्याण गेल्यापासून पहिल्यांदा. रोहिणी दुधाच्या हातांनीच येऊन तिच्याजवळ बसली.

आमच्या भागात बांगड्या फोडणारीची जागा तेव्हापासून रिकामी आहे. सफाईचा हात हवा. कुणाची तयारी असेल तर जरूर यावं. कडूबाईची अट एकच: तोंडाकडं बघून फोडायच्या.