वर्तुळ पुरं दिसेल अशी जागा

चिदंबर मास्तरांनी जन्मभर मुलांना समुद्र शिकवला, पण स्वतः ते कधी समुद्रात गेले नव्हते. तंजावूरच्या मेलवीथीतल्या त्यांच्या घराच्या ओट्यावर शाळा सुटल्यावर मुलं जमत, आणि मास्तर आतून एक पितळी ताट मागवून घेत.

"ताटाच्या मधोमध मुंगी आहे. ती चहूकडे वळून पाहते. तिला ताटाची कड कशी दिसेल?"

"गोल!" मुलं ओरडत.

"तसंच भर समुद्रात. झाड नाही, घर नाही, देवळाचं शिखर नाही. आकाश जिथे पाण्याला टेकतं, ती रेघ तुमच्याभोवती पुरी फिरून येते. तिला क्षितिज म्हणायचं. जमिनीवर आपल्याला तिचे तुकडेच दिसतात."

मास्तरांची बायको शेषम्मा हा धडा आतून ऐकत असे. तिचा तो इतका पाठ झाला होता की मास्तर एखादं वाक्य विसरले तर स्वयंपाकघरातून पुढचं वाक्य येई.

मग तिच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की समोरचं दिसत राहील पण कडेचं हळूहळू जाईल, जसं कागदाची सुरळी करून पाहावं तसं. औषधाने वेग मंदावेल, गेलेलं मात्र परत येणार नाही.  घरी येताना मोठ्या देवळापाशी रिक्षा वळली तेव्हा शेषम्मा म्हणाली, "अहो, ते तुमचं गोल एकदा दाखवा मला. कडा सगळ्या जायच्या आत."

मास्तरांनी ही गोष्ट चेन्नईला मुलीला, कविताला, सांगितली. कविताने चेन्नईहून निघून भर समुद्रात फिरवून परत आणणाऱ्या एका जहाजाची तिकिटं काढली. "अप्पा, मधली सकाळ पुरी समुद्रात आहे," ती फोनवर म्हणाली. "किनारा दिसणारच नाही. पण तेवढी एकच सकाळ हं. दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत जहाज बंदराला लागलेलं असेल."

बंदरात पहिल्यांदा जहाज पाहिलं तेव्हा शेषम्मा थबकली. खालून वर बघायला तिला मान इतकी मागे न्यावी लागली की अंबाड्यातलं फूल पडलं. तिला एका वेळी जहाजाचा एखादाच तुकडा दिसत होता. आधी गोल खिडक्यांची रांग, मग केशरी होड्या, मग एकावर एक सज्जे. "संपतं कुठे हे?" तिने विचारलं.  मास्तरांचंही तोंड उघडंच राहिलं होतं.

आत गेल्यावर मास्तर फार खूश झाले. इथलं सगळं त्यांच्या वर्गासारखं शिस्तीत होतं. लिफ्टमधले आधी बाहेर येत, मग बाहेरचे आत जात. खोल्यांच्या बोळात लोक हळू बोलत, कारण कुणीतरी दिवसाही झोपलेलं असे. जहाज सुटण्याआधी सगळ्यांना एका ठिकाणी बोलावून जीवरक्षक जाकीट कसं घालायचं ते दाखवलं. मास्तर पहिल्या रांगेत उभे राहिले, आणि मागे हसणाऱ्या दोन कॉलेजच्या पोरांकडे त्यांनी असं पाहिलं की पोरं सरळ उभी राहिली. जेवणाच्या दालनाच्या दाराशी हात स्वच्छ केल्याशिवाय आत सोडत नव्हते. शेषम्माला ते फार आवडलं. "आपल्या घरापेक्षा इथे सोवळं जास्त," ती म्हणाली. मास्तरांनी ताटात एकदम पाच पदार्थ वाढून घेतले, तेव्हा तिनेच त्यांना कोपराने ढोसलं. "थोडं थोडं घ्या. पुन्हा उठता येतं. मागे माणसं उभी आहेत."

ध्वनिक्षेपकावरून सूचना चालू होत्या. डेकवर पळू नका. कठड्यावर चढू नका. खुर्चीवर वस्तू ठेवून जागा अडवू नका. मास्तर प्रत्येक सूचनेला मान डोलवत होते. शेवटच्या सूचनेलाही त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी अंधार विरळ होऊ लागला तसे मास्तर एकटेच वरच्या डेकवर गेले. पूर्वेकडच्या कठड्याला लागून खुर्च्यांची रांग होती आणि एकच खुर्ची रिकामी होती. शेषम्माचे पाय अधू झालेले, ती फार वेळ उभी राहू शकत नसे. मास्तरांनी खांद्यावरचा पांढरा तुंडू, म्हणजे पंचा, काढला, नीट झटकला आणि खुर्चीवर पसरला.

तंजावूरच्या जुन्या बसस्टँडवर ज्याने ओरत्तनाडूची बस पकडली आहे, त्याला यात काही समजावून सांगावं लागणार नाही. बस थांबायच्या आधी खिडकीतून आत तुंडू टाकायचा. तो ज्या बाकावर पडला ते बाक तुमचं. मग तुम्ही सावकाश चढा, वाटेत ओळखीचा भेटला तर चार शब्द बोला, बाक तुमची वाट पाहतं. त्या तुंडूला कुणी हात लावत नाही. यात कुणाची जागा अडवली असं तिथे कुणाला वाटत नाही. तुंडू टाकला म्हणजे माणूस बसलाच. मास्तरांनाही तसंच वाटलं, आणि ते निश्चिंत मनाने बायकोला आणायला खाली गेले.

शेषम्मा अर्थातच तयार नव्हती. "आंघोळ केल्याशिवाय सूर्यासमोर जाऊ?" ती म्हणाली. तिने आंघोळ केली, केस विंचरले, कुंकू लावलं. न्हाणीघर इतकं चिमुकलं की ती दोनदा आतूनच म्हणाली, "अहो, इथे वळायचं कसं?"

"लवकर ग."

"खुर्ची धरलीत ना? मग घाई कसली?"

ते वर आले तेव्हा पूर्व तांबूस झाली होती. खुर्चीवर तुंडू नव्हता. तिथे एक जाडजूड गृहस्थ पाय लांब करून बसले होते.

मास्तरांची कानशिलं तापली. "ही जागा आमची आहे," ते तमिळमध्ये म्हणाले. "मी इथे तुंडू टाकला होता."

तेवढ्यात डेकवर काम करणारी एक बाई पुढे आली. तिच्या छातीवरच्या पट्टीवर जननी असं नाव होतं. "सर, तुमचा आहे का पांढरा?" ती नम्रपणे म्हणाली. "मी घडी करून काउंटरवर ठेवलाय. रिकाम्या खुर्चीवर वस्तू असली, तर अर्धा तास वाट पाहून आम्हाला ती उचलावी लागते. सगळ्यांसाठी तोच नियम."

"पण मी येणार होतो!"

"सगळेच येणार असतात, सर."

आता मास्तरांना ती कालची सूचना आठवली. आपण मान डोलावली होती हेही आठवलं. वर्गातल्या बाकावर दप्तर ठेवून मित्राची जागा धरणाऱ्या किती मुलांना त्यांनी दप्तर उचलायला लावलं होतं! त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्या दंडाला धरून उभी होती आणि रांगेतल्या डोक्यांच्या मधून उजेड शोधत होती. अशी सकाळ पुन्हा येणार नव्हती.

"चूक माझी आहे," मास्तर जननीला म्हणाले. मग ते त्या गृहस्थांकडे वळले. असं काही मागायची त्यांना सवय नव्हती. बसमध्ये ते काम तुंडूच करून टाकी. "माझ्या बायकोला काचबिंदू आहे. तिला समोरचं तेवढं दिसतं. सूर्य वर येईपर्यंत तिला बसू द्याल?"

गृहस्थ लगबगीने उठले. "बसा अम्मा, बसा. मी गणेशकुमार, मदुरैचा. सर, वाईट वाटून घेऊ नका, काल संध्याकाळी माझाही तुंडू असाच उचलला हिने. आमच्या मदुरैच्या स्टँडवर कुणाची छाती झाली नसती!"

"तंजावूरलाही नाही," मास्तर म्हणाले, आणि दोघेही हसले. जननीही हसली, पण तोंड दुसरीकडे करून.

शेषम्मा खुर्चीवर बसली. समोर पाणी शिशासारखं स्थिर दिसत होतं. मग त्या रेघेवर तांबडा ठिपका आला, ठिपक्याचा तुकडा झाला, आणि बघता बघता सूर्याने पाण्यातून अंग वर काढलं.  रांगेतल्या एका लहान मुलाने श्वास आत ओढल्याचा आवाज आला. शेषम्माने हात जोडले.

"दिसलं?" मास्तरांनी वाकून विचारलं.

"सूर्य दिसला. फार मोठा दिसला." ती म्हणाली. "पण गोल नाही दिसलं. हे एवढंच दिसतंय." तिने दोन तळव्यांची उंबराएवढी फट करून दाखवली. "इथून तुमच्या ताटाचा एक तुकडाच समोर येतो."

 मास्तरांना खुर्चीचीच काळजी होती. खुर्ची एकाच दिशेला तोंड करून ठेवलेली असते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

शेषम्मा खुर्चीचे हात धरून उठली. गणेशकुमारांना तिने परत बसायची खूण केली. "मला मधे न्या," ती मास्तरांना म्हणाली.

डेकच्या मध्यावर एक छोटा चौथरा होता. तिथे कुणीच नव्हतं, कारण सगळ्यांना कठडा हवा होता. मास्तरांनी तिला हाताला धरून दोन पायऱ्या चढवलं. चौथऱ्यावरून माणसांची डोकी खाली राहिली. जहाजाची चिमणी तेवढी एका बाजूला आड येत होती.

"आता मला धरून ठेवा," ती म्हणाली, आणि देवासमोर जागच्या जागी आपल्याभोवती फिरून प्रदक्षिणा घालतात तशी ती हात जोडून हळूहळू फिरू लागली.

मास्तरांनी तिच्या खांद्यांना दोन्ही हात लावले होते. ती एक पाऊल सरकवी, थांबे, त्या कागदाच्या सुरळीतून नीट पाही, मग पुढचं पाऊल. आधी सूर्य होता. मग सोनेरी पाणी, मग निळं, मग जवळजवळ काळं, जिथे अजून पहाट पोचली नव्हती. दर वेळी ती विचारी, "इथेही नाही ना जमीन?" आणि मास्तर म्हणत, "इथेही नाही." चिमणीपाशी ती म्हणाली, "हिच्या मागेही असेल तीच रेघ," आणि पुढे सरकली. पाय थरथरत होते, पण ती बसते म्हणाली नाही. शेवटी तिच्या चेहऱ्यावर पुन्हा ऊन आलं.

"आली हो फिरून!" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "अहो, कुठे तुटलीच नाही ती. जिथून निघाले तिथेच आली."

"मी सांगत होतो ना," मास्तर म्हणाले.

शेषम्माने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही कुठे पाहिलंत? तुम्ही सगळा वेळ माझे पाय बघत होतात, पडेन म्हणून." तिने त्यांचा हात घट्ट धरला. "फिरा आता. मी धरते."

"माझे डोळे चांगले आहेत, मला फिरायला कशाला हवं?"

"मास्तर, फिरा म्हणते ना."

मास्तर फिरले. अर्ध्यावर आले तेव्हा आपला धडा त्यांना अपुरा वाटला. ताटाला कड असते, बोट लावून दाखवता येते. या रेघेकडे कितीही पाहिलं तरी ती आहे कुठे ते सांगता येत नव्हतं. ती सगळीकडे सारखीच लांब होती, आणि तिच्या मधोमध ते दोघं उभे होते. जहाज पुढे चाललं होतं, तरी मध्य त्यांच्याबरोबरच चालला होता.  पाण्याकडे डोळे लावून, बायकोच्या हाताला धरून, ते लहान मुलासारखे आणखी एक पाऊल वळले.