साठ का अठ्ठावन्न

पारस अभ्यासिकेत धावतच शिरला, तेव्हा पल्लवी राज्यघटनेच्या पुस्तकात डोकं घालून बसली होती. सांगलीतल्या त्या अभ्यासिकेत बोलायची बंदी होती. तरी पारसनं तिच्या नाकासमोर मोबाईल धरला आणि मोठ्यानंच विचारलं, "ही तुझी आई न्हवं?"

मोबाईलवर जाहिरात होती. साताऱ्यात रविवारी जाहीर वादविवाद. सरकारी नोकरांचं निवृत्तीचं वय अठ्ठावन्नवरून साठ करावं का? करावं म्हणणाऱ्यांच्या बाजूनं, कर्मचारी संघटनेतर्फे बोलणार होत्या आरोग्यसेविका शालन मदने. फोटोत पल्लवीची आई मूठ उगारून उभी होती. दुसऱ्या बाजूला नुसतंच लिहिलं होतं, 'स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी, सांगली'.

"आपल्यातनं मी बोलणार होतो," पारस म्हणाला. तो पलूसचा, आणि चार वर्षं पल्लवीच्या शेजारच्याच खुर्चीवर बसून त्याच परीक्षा देत होता. "खरं आता तूच जा. त्यांच्यासमोर माझं तोंड उघडायचं न्हाई. दिवाळीला त्यांच्या हातच्या शेंगापोळ्या खाल्ल्यात मी."

आजूबाजूची पोरं पुस्तकं मिटून गोळा झाली. पल्लवीचं नाव, पल्लवीचं नाव, असा घोष सुरू झाला. तिच्या अंगात काहीतरी सळसळलं. आईशी वाद घालणं तिला नवं नव्हतं. वडूजजवळच्या त्यांच्या घरी जेवताना कुणीतरी एकानं उलट बाजू घ्यायचीच, मग विषय पाण्याच्या टँकरचा असो नाहीतर अमेरिकेच्या निवडणुकीचा. पण ते घरात. इथं अख्खा जिल्हा ऐकणार होता.

संध्याकाळी आईचाच फोन आला.

"तुझं नाव दिलंया म्हणं."

"आई, तू नको म्हणत असशील तर मी..."

"नको कशापायी? ये की. खरं तयारी करून ये. मदन्यांची पोरगी स्टेजवर अडखळली, असं मला कुणाकडनं ऐकायचं न्हाई. आन् हे बघ, तिथं मला आई म्हणायचं न्हाई."

फोन बंद झाला. पल्लवी हसत सुटली. मग वही ओढून मुद्दे काढायला बसली.

मुद्दे तिला शोधावे लागणार नव्हते. अभ्यासिकेतल्या प्रत्येकाच्या तोंडावर ते होते. म्हातारे दोन वर्षं जादा थांबले, की तेवढी दोन वर्षं जागा सुटणार नाहीत. भरतीची जाहिरात निघणार नाही, आणि इकडे परीक्षेला बसायचं वय निघून जाईल. पण आईचे मुद्देही तिला पाठ होते, आणि खरी अडचण तीच होती. आईनं उमेदीची वर्षं कंत्राटावर काढली. लसींचा डबा खांद्याला अडकवून माण-खटावचे माळ तुडवले. कायम झाली ती दोन हजार सातमध्ये. तोवर जुनी पेन्शन बंद झालेली. दोन हजार पाचनंतर नोकरीला लागलेल्यांना नवी योजना. म्हणजे हातात नक्की काय पडणार, हे बाजाराच्या मर्जीवर. गेल्या संपात तहसील कचेरीपुढं आई इतकी ओरडली, की नंतर आठवडाभर घरात ती खुणांनीच बोलत होती. आणि आता येत्या मे महिन्यात तिला अठ्ठावन्न पुरी होत होती.

रविवारी साताऱ्याचं ते मंगल कार्यालय दहाच्या आतच गच्च भरलं. डाव्या हाताला नर्सा, शिक्षक, कारकून, ड्रायव्हर. उजवीकडं सांगली, कऱ्हाड, दहिवडीहून एसटीनं आणि टेम्पोनं आलेली पोरंपोरी. मधल्या वाटेत एक खुर्ची टाकून पल्लवीचे वडील तानाजी बसले होते. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. पाठ अजून ताठ.

"पप्पा, कुणाच्या बाजूनं बसलाय?" पल्लवीनं विचारलं.

"मी बॉर्डरवर हाय," ते म्हणाले. "दोन्हीकडनं गोळीबार हुईल, म्हणून हलणार न्हाई."

अध्यक्ष होते आकाराम गुरुजी, निवृत्त हेडमास्तर. समोर टेबलावर त्यांनी शाळेतली पितळी घंटा ठेवली होती. आईच्या शेजारी संघटनेचे अध्यक्ष वीरधवल निकम बसले होते, एका मोठ्या कचेरीतले अधीक्षक. त्यांनी आईच्या कानात काहीतरी सांगितलं. आईनं मान हलवली, पण नजर पल्लवीवर होती. कुस्तीआधी मल्ल समोरच्याला पाहतो तशी.

आई उठली. माईक तिनं बाजूला सारला. तिला त्याची गरज नव्हती.

"अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस म्हातारा हुतो, आसं कुणी ठरवलं? माझ्या हातावर अजून पोरं जन्माला येत्यात. मला जागा सोड म्हणणाऱ्यांनी ऐकावं. मी सरकारच्या कामाला लागले तवा माझ्या डोक्यावर काळं केस हुतं. कंत्राटाची वर्षं त्यांनी धरलीच न्हाईत. म्हणजे मी तेवढी वर्षं जगलेच न्हवते का? आमचं हे फौजेत हुते. ह्यांना बंदुकीसाठी पेन्शन हाय, आन् ती मिळालीच पायजे. मग मला सुईसाठी का न्हाई? पेन्शन देत न्हाई म्हणता, तर काम तरी करू द्या. साठपर्यंत थांबू द्या. चार दिवस जादा कमावू द्या."

डावी बाजू उभी राहिली. टाळ्यांनी पत्रा थरथरला. पल्लवीचेही हात वर आले होते. पारसनं मागून तिची ओढणी ओढली, तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं.

मग तिचं नाव पुकारलं. पहिल्या दोन वाक्यांना तिचा आवाज तिलाच परका वाटला. तिसऱ्या वाक्याला तो सापडला.

"मदने मॅडमनी जे सांगितलं ते सगळं खरं आहे," ती म्हणाली. डावीकडून कुणीतरी "मग बस की खाली" म्हणालं आणि हशा पिकला. पल्लवी थांबली नाही. "सगळं खरं आहे, आणि तरीही त्यांची मागणी चुकीची आहे. मॅडमच्या उपकेंद्राच्या शेजारचं उपकेंद्र कितीतरी वर्षं रिकामं आहे. तिथलं कामही त्याच करतात. ती जागा का भरली नाही? कारण मॅडम आहेत. फुकटात दोन गावं सांभाळणारी बाई हाताशी असताना नवी बाई कोण भरेल? त्यांना साठपर्यंत ठेवलं, तर आणखी दोन वर्षं कुणाला घाई नाही. आणि इथं बसलेल्या माझ्या मैत्रिणी नर्सिंग शिकून घरी बसल्यात. साठचा निर्णय हा तुमच्यावर उपकार नाही. तुम्हाला द्यायची पेन्शन आणि आम्हाला द्यायची नोकरी, दोन्ही एका झटक्यात पुढं ढकलायची ती युक्ती आहे."

आता उजवी बाजू बाकांवर चढली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. गुरुजींनी घंटा वाजवली, ती कुणाला ऐकू गेली नाही. पल्लवीचे कान तापले होते, आणि इतकं छान तिला परीक्षेच्या कुठल्याही निकालाला वाटलं नव्हतं.

"हिच्याकडं बगा," आई बसल्या जागेवरूनच गरजली. "माझ्या शेजारची जागा माझ्यामुळं रिकामी हाय म्हणती. आगं, तिथली बाई रिटायर झाली तवा तरी कुठं भरली? मी गेले तर माझी पण तशीच ऱ्हाईल. कुलूप लागंल. मग बाळंतिणींनी कुणाकडं जायचं, तुझ्या अभ्यासिकेत?"

हा घाव बरोबर बसला. पल्लवीनं वही मिटली.

एकमेकांना प्रश्न विचारायची वेळ आली. गुरुजींनी पल्लवीला एकच प्रश्न विचारायची मुभा दिली. ती आईच्या समोर जाऊन उभी राहिली. आईनं चपला काढून ठेवल्या होत्या. संध्याकाळी घरी आल्यावर ती ज्या पायांना तासभर तेल चोळायची, ते सुजलेले पाय जमिनीवर मोकळे टेकले होते. पल्लवीनं ठरवलेला प्रश्न सोडून दिला.

"मॅडम, युक्तिवाद बाजूला ठेवा. तुम्हाला स्वतःला साठपर्यंत काम करायचंय का?"

आईनं खाली स्वतःच्या पायांकडं पाहिलं. वीरधवल निकम पुढं झुकून हळूच म्हणाले, "हो म्हणा. एवढंच म्हणा आणि बसा."

आई उठली. या वेळी तिनं माईक हातात घेतला.

"न्हाई," ती म्हणाली. "मला न्हाई करायचं. माझे पाय दुखत्यात. माझी नजर कमी झालीया. रातचं कुणी दार वाजवलं तर उठताना आता देवाचं नाव घ्यावं लागतं. मला पेन्शन पायजे. जुनी, नवऱ्याच्या पेन्शनीसारखी, मरंपर्यंत दर महिन्याला येणारी. ती द्या, मी आज सांजच्याला किल्ल्या आणून देते. ह्या पोरीनं न्हाईतर हिच्या मैत्रिणीनं घ्याव्यात. साठ वर्षं मला नको हायती. ती मला मागायला लावली."

"कुणी लावली?" मागच्या रांगेतून एका नर्सनं विचारलं.

आईनं मान वळवून शेजारी पाहिलं. वीरधवल निकमांनी घाईघाईनं माईक घेतला. "हे मदने बाईंचं वैयक्तिक मत आहे. संघटनेची भूमिका साठ वर्षांची आहे."

"भूमिका ठरवताना आमाला कवा इचारलंसा?" तीच नर्स म्हणाली. "साठ पायजे ते केबिनमदल्या साहेबांना. खुर्चीवर बसून साठ काय, सत्तर हुत्यात. आमी चालतो."

मग जो गलका उठला तो गुरुजींच्या आवाक्याबाहेरचा होता. डाव्या बाजूत दोन तट पडले. ड्रायव्हर नर्सांना मिळाले, कारकून एकमेकांशी भांडू लागले. पोरं वाट ओलांडून पलीकडं गेली आणि तानाजी हवालदारांची बॉर्डर पुसून गेली. ते खुर्ची उचलून भिंतीला लागले. घंटा दोन्ही हातांनी वाजवत गुरुजी ओरडले, "मतदान घ्यायचंय, खाली बसा." लोक बसले नाहीत, पण गप्प झाले.

साठ करावं, म्हणून विचारलं तेव्हा पुढच्या रांगेतले थोडे हात वर गेले. करू नये, म्हणताच उजवीकडचा सगळा थवा उठला. त्यापाठोपाठ नर्सांचे हात, ड्रायव्हरांचे हात. सगळ्यात शेवटी, आपल्याच बाजूच्या खुर्चीवर बसलेल्या शालन मदन्यांनी हात वर केला. वीरधवल निकम पाण्याची बाटली उचलून मागच्या दारानं निघून गेले.

पल्लवी धावत जाऊन आईला बिलगली. आईनं तिला एक क्षण धरलं आणि मग दूर केलं. "स्टेजवर हाय मी अजून," ती पुटपुटली, पण तिचे डोळे भरून आले होते.

बाहेर चहाच्या गाड्यावर लोकांनी दोघींना घेरलं. कुणी फोटो काढत होतं, कुणी नंबर मागत होतं.

"शेजारच्या उपकेंद्राचा मुद्दा कच्चा घेतलास," आई चहा फुंकत म्हणाली. "मी तुला पकडलं का न्हाई?"

"पकडलंस. पण प्रश्नाला तू अडकलीस."

"तो प्रश्न न्हवता. ती दगाबाजी हुती." आई हसली. तिच्या अंगावरून एखादं ओझं उतरावं तशी ती सैल दिसत होती. "बरं झालं इचारलंस. त्या माणसानं महिनाभर घोकून घेतलं हुतं माझ्याकडनं."

तानाजी मध्ये बोलले, "फौजेत आसतीस तर कोर्ट मार्शल झालं आसतं तुझं."

ते जवळजवळ झालंच. दोन दिवसांनी संघटनेनं आईला कार्यकारिणीतून काढल्याचं पत्र पाठवलं. तिनं ते वाचलं, घडी घालून ठेवलं आणि लसीकरणाला निघून गेली. पण सभेचा व्हिडिओ तोवर गावोगाव फिरला होता. सांगलीच्या नर्सांचा फोन आला, पलूसच्या ग्रामसेवकांचा आला. पारसनं पोरांच्या बैठकीसाठी अभ्यासिका दिवसभर बंद ठेवायला लावली. पंधरवड्यात सांगलीला मोर्चा ठरला. नोकरीतले आणि नोकरी शोधणारे, एकत्र. जुनी पेन्शन द्या, आमच्या जागी पोरांना घ्या.

सरकारनं त्यावर काही ठरवलं नाही, निदान अजून तरी नाही. वयाची फाइल इकडून तिकडं फिरतेच आहे. पण त्या सकाळी कलेक्टर कचेरीच्या रस्त्यावर मोर्चाचं शेपूट दिसत नव्हतं. पांढऱ्या साड्या आणि पाठीवर दप्तरं लावलेली पोरं एकाच रांगेत मिसळून चालत होती. सगळ्यात पुढं पल्लवी आणि शालनबाई, हातात एकच भोंगा, आणि त्यावरून दोघींची ओढाताण चाललेली.

"आधी पेन्शनची घोषणा," आई म्हणत होती.

"आधी भरतीची. पोरं मागं ताटकळलीत."

"मी वयानं मोठी हाय."

"मग मे महिन्यात रिटायर होणारेस ना? दे इकडं."

आईनं भोंगा सोडला नाही. पल्लवीनंही सोडला नाही. शेवटी दोघींनी एकदमच तोंड लावलं. शब्द कुणालाच नीट कळले नाहीत, पण मागच्या हजारभर लोकांनी जोरात साथ दिली आणि मोर्चा पुढं सरकला.