बाटलीत काय होतं

विषाच्या हेल्पलाइनला फोन करण्याआधी काय काय माहीत असावं, हे आता मला तोंडपाठ आहे. मुलाचं वय, वजन, पोटात काय गेलं, किती गेलं, किती वाजता गेलं, आणि बाटली हाताशी. आमच्याकडे वय होतं, वजन होतं, वेळही होती. बाटलीसुद्धा होती. तिच्या आत काय आहे, तेवढं फक्त माझ्या सासऱ्यांना विचारायचं होतं.

सासरे कॉलेजच्या रसायनशाळेत छत्तीस वर्षं सहायक होते. निरोपाच्या भाषणात प्राचार्य म्हणाले की यांचं नाक हे आमचं सर्वांत अचूक उपकरण. ते वाक्य त्यांनी इतकं मनावर घेतलं की घरातल्या एकाही बाटलीवर चिठ्ठी उरली नाही. भांड्यांचा साबण, व्हिनेगर, काचा पुसायचं पाणी, तुंबलेला पाइप मोकळा करायचं औषध, सगळं ते मोठ्या कॅनमधून एकसारख्या पांढऱ्या बाटल्यांत ओतून ठेवायचे. "चिठ्ठ्या अडाण्यांसाठी," म्हणायचे. "झाकण उघडा, हुंगा, झालं." हुंगायचं मात्र त्यांनीच. दूध नासलंय का, गॅस गळतोय का, माझ्या नवऱ्याचा शर्ट अजून एक दिवस चालेल का, सगळे खटले त्यांच्यापुढे. निकालावर अपील नसायचं.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला माझी तीन वर्षांची लेक, बबडी, ओट्याखालच्या कपाटापाशी रडताना सापडली. हातात पांढरी बाटली, हनुवटी ओली. मी तिला उचललं, फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

पलीकडच्या बाई शांत होत्या. "वय?"

"तीन."

"वजन?"

नवरा म्हणाला तेरा, मी म्हटलं साडेबारा, आणि विष राहिलं बाजूला, अर्ध्या किलोवरून आमची जुंपली.

"तेरा धरते," बाई म्हणाल्या. "श्वास नीट आहे? उलटी?"

"श्वास नीट आहे. उलटी नाही. लाळ गळतेय."

"पोटात काय गेलंय?"

आम्ही दोघं सासऱ्यांकडे वळलो. त्यांनी हात पुढे केला, नवऱ्याने अदबीने बाटली दिली. सासऱ्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला.

"व्हिनेगर."

"व्हिनेगर," मी फोनवर सांगितलं.

"लेबल वाचा बरं."

"लेबल नाहीये. पण माझे सासरे रसायनशाळेत होते. ते वासावरून सांगतात."

हे फॉर्मच्या कुठल्या रकान्यात बसवायचं, असा प्रश्न बाईंना पडला असावा. मग म्हणाल्या, "घरातलं साधं व्हिनेगर घोटभर गेलं असेल तर सहसा घाबरण्यासारखं नसतं. पण लाळ गळतेय, ते मला पटत नाही. नक्की व्हिनेगरच ना?"

"नक्की," नवरा म्हणाला. वडिलांच्या नाकावर त्याचा डॉक्टरांपेक्षा जास्त भरवसा. बाईंचे आभार मानून मी फोन ठेवणार, इतक्यात सासरे म्हणाले, "थांब."

ते बबडीकडे बघत होते. तिचा खालचा ओठ सुजायला लागला होता.

"मला वास येत नाही," ते म्हणाले.

"म्हणजे व्हिनेगर नाहीये?" नवऱ्याने विचारलं.

"म्हणजे कशाचाच येत नाही. दोन वर्षं झाली. तो मोठा ताप आला होता ना, तेव्हापासून."

दोन वर्षांचं दूध माझ्या डोळ्यांपुढून गेलं. म्हाताऱ्याने बाटली छातीशी धरली होती. मला दया आली नाही. संताप आला, आणि मी बाटली त्यांच्या हातातून हिसकावली.

"मग 'माहीत नाही' असं लिहिते," फोनमधल्या बाई म्हणाल्या. "तेच आधी सांगायचं असतं. उलटी काढू नका, मीठपाणी पाजू नका. तोंड पुसा, चूळ भरायला लावा. दवाखाना किती लांब?"

"पाच मिनिटं."

"बाटलीला झाकण लावून बरोबर घ्या आणि निघा. मी तिथे कळवते."

निघालं ते पाइपाचं औषध. जीभ भाजली होती, ओठ सोलवटला होता, पण घसा वाचला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोर वेळेत आणलीत, दोन दिवस ठेवून घेऊ. बाहेर बाकावर सासरे रडत होते आणि नवरा जन्मात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडत होता. "बाबा, तुम्ही आम्हाला फसवलंत." सासरे म्हणाले, "हो."

डॉक्टरीणबाई बाटली घेऊन बाहेर आल्या. "व्हिनेगर कुणी ठरवलं? व्हिनेगर दारातून कळतं. घरात दुसऱ्या कुणाला नाक नाहीये का?"

नवऱ्याने वडिलांकडे बोट दाखवलं. मी गप्प बसले असते तर सगळा दोष त्या एका माणसावर व्यवस्थित बसत होता. पण बबडीला उचललं तेव्हा तिच्या हातातली ती उघडी बाटली माझ्या तोंडासमोरच होती.

"मला आहे," मी म्हणाले. "व्हिनेगर नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं."

"मग फोनवर व्हिनेगर का सांगितलंत?"

"बाबा म्हणाले म्हणून."